उंदरात चालतं ते माणसात का आपटतं?

फार्मसीवाली: एम.फार्म.चा प्रोजेक्ट, स्वादुपिंडाचा अचानक उद्भवणारा (अक्यूट) दाह. सर म्हणतात, माइसना दर तासाला ५० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो सेरुलीन (स्वादुपिंडाला चेतवून दाह उठवणारं रसायन) टोच, आणि ज्याची चाचणी घ्यायची ते औषध अर्धा तास आधी दे. याला 'गंभीर' म्हणता येईल?

पिंजरेवाला: नुसत्या सेरुलीननं सूज येते, रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम) चढतं, आठवड्याभरात गडी पुन्हा ठणठणीत. गंभीर हवं तर रॅटच्या पित्तनलिकेतून स्वादुपिंडात सोडियम टॉरोकोलेट हा पित्तक्षार उलटा सोडतात. हात सराईत हवा; दाब वाढला की ग्रंथीचा विचका, मग औषधाला कशाला दोष? पण खरी मेख वेळेत आहे. पेशंट पोट धरून येतो तेव्हा दाह सुरू होऊन कितीतरी तास उलटलेले असतात. औषध नंतरच दे. लेक्सिपॅफँट हे दाह रोखणारं औषध प्राण्यांत झकास चाललं, माणसांच्या मोठ्या चाचणीत आपटलं.

फार्मसीवाली: मग इंडोमेथॅसिन या दाहशामक औषधाचं काय? २०१२च्या चाचणीत ईआरसीपीनंतरचा (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्त-स्वादुपिंडाच्या नलिका तपासल्यावर होणारा) दाह १६.९ वरून ९.२ टक्क्यांवर आला की!

पिंजरेवाला: तो प्रतिबंध झाला, बाई. ईआरसीपी कधी करायची ते डॉक्टरच ठरवतात, म्हणून औषध वेळेवर पडतं. आणि हो, एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक लिही. हे दुखणं भयंकर असतं, उंदरालाही.