शेवंतीच्या कळ्या सडतायत, वरून अळ्या. मदत हवी आहे
मंडळी, इंदूरला गच्चीवर शेवंतीच्या कुंड्या आहेत, पाऊस लांबला आणि आता रात्री गारठा नि सकाळी दव, त्यामुळे भरलेल्या कळ्या आतून तपकिरी होऊन राखाडी बुरशी धरतेय, बहुतेक बोट्रायटिस. त्यात हिरव्या अळ्या कळीला भोक पाडून आत शिरतात आणि सड तिथूनच सुरू होते असं दिसतंय. सडकं कापून पिशवीत भरून फेकतोय, पाणी फक्त मुळाशी. नर्सरीवाला म्हणतो कडक औषध मारा, पण फुलं देवाला आणि आईच्या वेणीत जातात हो! बीटी, म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूंचं जैविक औषध, संध्याकाळी मारायचं, उन्हात टिकत नाही, हे माहितीये, पण मोठ्या अळीवर चालतं का की हातानेच वेचू? बुरशी तर त्याने जाणार नाही, तिच्यावर ट्रायकोडर्माचा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) कोणाला गुण आलाय का? आणि इंदुरात बीटीचं छोटं पाकीट कुठे मिळेल, किलोचा डबा घेऊन काय करू!