मदत हवी आहे: आरएफआयडीच्या नोंदी ईआरपीशी कशा जोडाव्यात?

आमच्या गोदामात बारकोडऐवजी आरएफआयडी (मालावरचे चिप असलेले टॅग रेडिओ लहरींनी वाचून तो ओळखण्याची पद्धत) वापरण्याचे ठरले असून टॅग वाचणाऱ्या रीडरच्या नोंदी ईआरपीशी (साठा, खरेदी-विक्री व हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीशी) जोडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बॅटरी नसलेला टॅग रीडरच्या लहरींतूनच ऊर्जा घेऊन आपला क्रमांक परत पाठवतो आणि ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो काही मीटरांवरून वाचता येतो, इथपर्यंत मला समजले आहे. खरी अडचण पुढे आहे. दारातून एक खोका जाताना त्याचा टॅग अनेकदा वाचला जातो, शेजारच्या मांडणीवरचे टॅगही त्यात मिसळतात आणि धातूच्या डब्यांवरचे काही टॅग तर वाचलेच जात नाहीत; अशा वेळी ‘माल बाहेर गेला’ ही एकच खात्रीची नोंद ईआरपीत कशी पोहोचवावी? पुनरावृत्ती गाळण्याचे काम मिडलवेअरवर, म्हणजे रीडर आणि ईआरपी यांच्या मधल्या सॉफ्टवेअरवर, सोपवावे असे माझे मत आहे, कारण कच्च्या नोंदी थेट आत सोडल्या तर साठ्याच्या आकड्यांवर विश्वासच उरणार नाही. मात्र मालाची दिशा ओळखण्यासाठी दोन अँटेनांच्या वाचनक्रमावर विसंबावे, की वेगळा सेन्सरही लावावा? धातूसाठी कोणते टॅग टिकाऊ ठरले, हेही कळवावे. ज्यांनी अशी जोडणी प्रत्यक्ष केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.