शब्दचर्चा : ‘एंडमिल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
आयटीआयच्या मुलांसाठी मिलिंगच्या, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापण्याच्या, नोट्स मराठीत लिहितोय. भाषांतराच्या यंत्राला ‘एंड मिल’ (त्यातला दांड्यासारखा कटर) घातलं तर ‘शेवटची गिरणी’ बाहेर आली. परळला शोभेल, पण मशीनवर कशी चढवू? ‘फ्लूट’ची, म्हणजे कटरच्या अंगावरच्या खोबणीची, बासरी झाली ते वेगळंच. प्रतिशब्द सुचवा. आणि तो एंडमिल की ती?

उत्तर
ती. आमच्या शॉपमध्ये ‘एंडमिल तुटली’ आणि ‘कटर तुटला’, वस्तू एकच. नाव तसंच राहू द्या, फक्त ‘एंड’ म्हणजे इथे टोक हे मुलांना सांगा. ती बाजूने कापते तशी टोकानेही कापते. मात्र ड्रिलसारखी सरळ खाली घालायची असेल तर टोकाचे दाते मध्यापर्यंत आलेले हवेत, ते आधी बघायचं. (दातेच लिहा. दात माणसाला, दाते चाकाला आणि कटरला.)

फ्लूटला मला ‘पन्हळ’ आवडतो. पन्हळीतून पाणी वाहतं, हिच्यातून चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस. शब्द कळला की निवडही कळते. ॲल्युमिनियमला दोन किंवा तीन पन्हळींची घेतात, कारण पन्हळी कमी म्हणून रुंद. चारवाली स्टीलला. ॲल्युमिनियमच्या खोल स्लॉटमध्ये (खाचेत) मी एकदा सहा एमएमची चारवाली घातली होती. चिप तुंबली, पन्हळी गच्च भरल्या, ‘टिक’ असा बारीक आवाज झाला आणि कोलेटमध्ये (टूल धरणाऱ्या पकडीत) नुसता शँक, म्हणजे मागचा दांडा, उरला.

प्रश्न
आणि क्रियापद? ‘कातणे’ चालेल?

उत्तर
नको. कातारी फिरवतो तो लाकूड, हत्यार धरून ठेवतो. ते लेथचं काम झालं. इथे हत्यार फिरतं. ‘तासणे’ वाकसाचं, ‘रंधणे’ रंध्याचं. पुस्तकात ‘कापणे’ लिहा, पण शॉपमधलं खरं क्रियापद आहे ‘खाणे’. टूल माल खातंय की नुसतं घासतंय, हे जुना ऑपरेटर पाठ फिरवून कानाने सांगतो.

गणित करून दाखवा. दहा एमएम व्यासाची कार्बाइड एंडमिल, चार दाते, माइल्ड स्टील, कटिंग स्पीड (धारेचा वेग) मिनिटाला 100 मीटर धरला. 1000 गुणिले 100, भागिले 3.14 गुणिले 10, म्हणजे साधारण 3,180 आरपीएम (मिनिटाला फेरे). दर दात्याला 0.05 एमएम दिलं तर फीड (मालात पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला 636 एमएम. नवीन पोरगा घाबरून फीड 150 वर आणतो. त्याला वाटतं टूल जपलं. पण आता दात्याच्या वाट्याला जेमतेम 0.012 एमएम येतं, त्यात धार शिरतच नाही. घासून घासून तापते आणि जाते. कमी वाढलं म्हणून उपाशी मेली, असं आमचे फोरमन म्हणत.

आणखी एक उत्तर
‘सूत’ शब्दाबद्दलही एक ओळ टाका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 एमएम. बांधकामावर 12 एमएमच्या सळईला सगळे ‘चार सुती’ म्हणतात, तिथे खपतं. मी स्टोअरला फोनवर ‘चार सुती एंडमिल’ सांगितली, आली 12 एमएमची. मला अर्धा इंच, म्हणजे 12.7 हवी होती. डब्यावर न बघता लावली. स्लॉट सात दशांशांनी अरुंद. नशीब, अरुंद होता. वाढवता आला.

प्रश्न
छान. पन्हळ, दाते, खाणे घेतो. शेवटचं एकच. ‘रनआउट’ला, म्हणजे टूल नेमकं मध्यावर न फिरण्याला, यंत्राने ‘धावबाद’ दिलंय.

उत्तर
हे मात्र नोट्समध्ये ठेवाच, पोरं हसतील आणि विसरणार नाहीत! शॉपमध्ये नुसतं ‘आउट’ म्हणतात : टूल आउट फिरतंय. दात्याला 0.05 द्यायचं आणि टूल 0.02 ने आउट, तर एक दाता जास्त खातो, समोरचा उपाशी, आणि जास्त खाणाऱ्याची धार आधी जाते. शँकला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा मशीनचा दांडा, हाताने फिरवायला सांगा. काटा दोन घरं हलला तर लगेच कोलेटला नावं ठेवू नका. काढून पुसा, बहुतेक वेळा आत केसाएवढी चिप असते.