एका दिवसात ४,२७३ पक्षी. यात मिरवण्यासारखं काय आहे?

चिखलपायी

परवा 'दुनळी' यांनी राजस्थानातल्या भरतपूरच्या 'घना' पक्षी उद्यानातल्या दगडी फलकाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "एका दिवसात ४,२७३. असे नेमबाज आता होणे नाही. या शिकाऱ्यांमुळेच घना वाचला, पर्यावरणवाल्यांनी खरं तर हात जोडायला हवेत." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही, म्हणून वेगळा धागा.

तो फलक मी पाहिलाय. केवलादेवाच्या देवळाजवळ आहे. तारीख, कुणाच्या सन्मानार्थ, बंदुका किती, पक्षी किती. किराणा दुकानातल्या खतावणीसारखे रकाने, फक्त दगडात कोरलेले. १९१६ साली लॉर्ड चेम्सफर्ड आले तेव्हा ४,२०६. मग १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा ४,२७३. म्हणजे जुना आकडा ६७ ने मागे पडला. मी त्या दोन ओळींसमोर बराच वेळ उभी होते. शेवटची ६७ बदकं कशासाठी मारली असतील? जेवणासाठी नक्कीच नाही.

आणि नेमबाजीचं कौतुक जरा आवरा. नोव्हेंबरात उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत धरलं तरी मिनिटाला सहा-सात पक्षी पडतात. हाकेवाले पाण्यात शिरून थवेच्या थवे उठवणार, साहेब ठरल्या जागी उभे, हातातली बंदूक रिकामी होईतो मागचा माणूस दुसरी भरून देणार. आभाळ बदकांनी काळं झालेलं असताना नेम धरायचा कुठे?

शिकारीलाच माझा विरोध आहे असं नाही. पोटासाठी मारणारा पोट भरलं की घरी जातो. आकड्यासाठी मारणाऱ्याने थांबायचं कधी?

दुनळी

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता ऐका.

भरधाव येणाऱ्या तलवार बदकावर कधी बार टाकलाय का तुम्ही? वारा पाठीशी असला की ते बाणासारखं जातं. पंचवीस काडतुसं उडवून दोन पाडणारे भलेभले मी पाहिलेत. "नेम धरायचा कुठे" हे पुस्तकं वाचून लिहिलेलं वाक्य आहे.

दुसरं, घना हे निसर्गाने आयतं दिलेलं जंगल नाही. तिथे खोलगट जमीन होती, अजान बांधाचं पाणी होतं. १८९० च्या दशकात मोरवीच्या हरभामजींनी तिथे छोटे बांध, पाट, दारं करून बदकांची दलदल उभी केली. कशासाठी? शिकारीसाठी! १९०२ पासून साहेबलोक येऊ लागले. शिकार नसती तर तिथे आज मोहरीची शेतं असती आणि तुम्ही दुर्बीण गळ्यात अडकवून मोहरी बघत बसला असतात.

अमेरिकेत १९३४ पासून बदक मारायचं तर टपाल तिकिटासारखं एक तिकीट विकत घ्यावं लागतं. त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेतात. शिकारी पैसे देतो. तुम्ही काय देता, लाइक?

आकडेमोड

तिकिटाचा दाखला बरोबर आहे, पण काका, अर्धाच दिलात. त्याच अमेरिकेत दिवसाला किती बदकं मारायची याला मर्यादा असते. बहुतेक ठिकाणी सहा. लिनलिथगो साहेब सातव्या बदकाला पकडले गेले असते. मर्यादा का आली तेही सांगा. आभाळ झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे होते त्यांच्याकडे. 'एवढे आहेत, संपतात थोडेच' म्हणत मारत सुटले. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

विलायतेतही हेच. १८ डिसेंबर १९१३ ला हॉल बार्न इस्टेटीवर सात बंदुकांनी ३,९३७ फेझंट पक्षी पाडले. पाचवे जॉर्ज स्वतः त्यात होते. परत जाताना मुलाला म्हणाले की आज आपलं जरा अतीच झालं. ज्याच्या राज्यात सूर्य मावळत नव्हता त्याला एका संध्याकाळी हे सुचलं, आपल्या काकांना अजून नाही.

दुनळी

ते फेझंट पाळलेले होते हो! टोपलीत अंडी उबवून, दाणे घालून वाढवलेले. तो कोंबड्यांचा कारखानाच. भरतपूरची बदकं रानटी, सैबेरिया-मध्य आशियातून उडत आलेली. तुलना करताना निदान जात बघा.

आकडेमोड

म्हणजे मारायला बरी कुठली? पाळलेली की हिमालय ओलांडून आलेली? तुमच्याच मुद्द्याने तुमची बाजू जास्त वाईट दिसते, एवढंच सुचवतो.

शेवटचा_बाक

मी खाली बसून घेतलंय. चालू द्या.

बंड्या_२

इथले निम्मे लोक रविवारी दीड किलो चिकन आणतात. ब्रॉयलरला सहा आठवडे पंख पसरायला जागा नसते. लिनलिथगोचं बदक निदान मरेपर्यंत उडत तरी होतं. आधी ताटाकडे बघा, मग दगडाकडे.

चिखलपायी

बंड्या, हा मुद्दा येणार हे माहीत होतंच. मी चिकन खाते, आणि त्याचा फलक लावत नाही. ब्रॉयलरचे हाल हा वेगळा धागा आहे, काढा, मी येईन आणि शिव्याही खाईन.

बोरीबाभळी

मला या सगळ्या चर्चेतलं 'शिकारी' आणि 'चोर' हे वाटप फार मजेशीर वाटतं.

मी तीन वर्षं एका पारधी वस्तीवर मुलांना शिकवलं. चौथीतल्या एका मुलाच्या बापाला चार तितरांसह पकडलं. चार. फासे जप्त, माणूस आत, घरी बायको बाळंत. मुलगा शाळेत यायचा तो दप्तर न आणता. विचारलं तर म्हणाला, "दप्तर घरी पाहिजे, आई त्यात पीठ ठेवते." आता सांगा, त्या चार तितरांचा हिशोब कुणी दगडात कोरला?

फासेपारध्याची शिकार कुणी पाहिलीय का इथे? पाळलेला तितर पिंजऱ्यात ओरडायला ठेवायचा, भोवती फासे लावायचे, आणि तासन् तास बसायचं. मिळालं तर मिळालं. गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडून पावलापावलाने सरकतात. चार हजार मिळवायची ती पद्धतच नाही. त्यांना इंग्रजांनी १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या कचाट्यात धरून जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ ला कागदावर मुक्त केलं, पण गावात चोरी झाली की आजही पहिली गाडी वस्तीवरच येते. आणि कायदा करणाऱ्या साहेबांचे आकडे आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो.

दुनळी

ताई, कायदा सगळ्यांना सारखा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर राजांचीही शिकार बंद झाली. माझ्या काकांची परवान्याची बंदूक आजही कपाटात गंजतेय. पारध्याला वेगळा न्याय का द्यायचा?

बोरीबाभळी

बंदूक गंजली म्हणून काकांच्या घरी चूल पेटायची थांबली का? उत्तर नको, माहितीये.

नान्नजकर

आता विषय निघालाच आहे तर आमचंबी ऐका. आमच्या सोलापूरकडच्या माळावर माळढोक पक्षी. गोऱ्या साहेबांनी मारला, नंतर जीपवाल्यांनी हेडलाइटच्या उजेडात मारला. आमच्या आज्ज्याने कधी दगूड पण मारला नाही त्याला, पिकातले टोळ खातो म्हणून. आणि १९७९ ला अभयारण्य कुणाच्या जमिनीवर झालं? साडेआठ हजार चौरस किलोमीटर! गावंच्या गावं आत. पुढे कमी करून बाराशेच्या वर आणलं, पण मधल्या तीस-बत्तीस वर्षांचं काय? सातबाऱ्याला शेरा. बहिणीच्या लग्नाला दोन एकर विकायला काढली तर गिऱ्हाईक कागद बघून चहा न पिता उठून गेलं. ज्यानं मारलं त्याचं नाव दगडावर, आणि ज्यानं सांभाळलं त्याच्या उताऱ्यावर शेरा.

बोरीबाभळी

हेच म्हणतेय मी.

आकडेमोड

भरतपुरातही तेच झालं. १९८२ ला राष्ट्रीय उद्यान केलं आणि म्हशी चरायला बंदी घातली. गावकरी अडून बसले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गंमत (खरं तर गंमत नाही) अशी की म्हशी गेल्यावर पाण्यावर गवत इतकं माजलं की पक्ष्यांनाच उतरायला मोकळं पाणी कमी पडू लागलं. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने वर्षानुवर्षं अभ्यास करून सांगितलं की म्हशी होत्या तेच बरं होतं. तज्ज्ञांचा सल्ला माणसं मेल्यावर बदलला.

दुनळी

बघा! राजा होता तोवर बदकंही होती आणि म्हशीही. पर्यावरणवाले आले आणि गोळी माणसावर चालली. मी काय वेगळं सांगत होतो?

नान्नजकर

ओ साहेब, तुम्ही आमच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. राजा आमचा बी नव्हता. हाकेवाले म्हणून गारठ्यात पाण्यात कोण उतरलं असंल? राजाचा भाचा?

दुनळी

तुम्हाला इतिहासाचा गंध नाही आणि बोलायची पद्धतही नाही.

नान्नजकर

आमच्याकडं गंध शेणाचा असतो, इतिहासाचा नसतो. चुकलं.

शेवटचा_बाक

बदकांचा धागा म्हशींनी चरून टाकला.

चिखलपायी

नान्नजकर, सातबाऱ्यावर स्वतंत्र धागा काढा, खरंच. दुनळी, सगळ्यांनी शांतपणे लिहूया. एक मान्य करते, दात-ओठ खाऊन का होईना. शिकारीची हौस नसती तर ती दलदल तयार झाली नसती, आणि स्वातंत्र्यानंतर तिथे शेती करायचा रेटा आला तेव्हा वाचवायला काही उरलं नसतं. पण तेव्हा वाचवायला धावले ते सलीम अली, लिनलिथगो नव्हे.

दुनळी

सलीम अलींचं नाव घ्याल असं वाटलंच. त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा निघाला, ती कुठली म्हणून विचारायला १९०८ साली मुंबईच्या त्याच निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. पुढे अभ्यासासाठी त्यांनीही भरपूर पक्षी मारले. तेव्हा बंदुकीशिवाय तुमचं पक्षीशास्त्रही उभं राहिलं नाही.

आकडेमोड

मान्य. एक चिमणी मारून आयुष्यभर पक्षी मोजणारा माणूस आणि विलायतेतले नामांकित नेमबाज लॉर्ड रिपन (व्हाइसरॉय रिपन यांचे चिरंजीव) यांच्यात काहीच फरक नाही. रिपन यांच्या नावावर जन्मभरात साडेपाच लाखांच्या वर शिकार आहे. १९२३ साली माळावर ग्राऊज पक्षी मारता मारताच गेले. प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवलेली. कारकून म्हणून भारी माणूस असणार.

नातू

बराच वेळ वाचतोय. माझे आजोबा शिकारी होते, परवानाधारक, साठच्या दशकातले. गावच्या तळ्यावर थंडीत मला घेऊन जायचे. माझं काम पडलेली बदकं उचलून झोळीत टाकायचं.

एकदा एक तलवार बदक उचललं, नर होता, शेपटीचं ते लांब पीस माझ्या मनगटाला लागत होतं. झोळीत टाकलं आणि चालू लागलो. थोड्या वेळाने मांडीला काहीतरी धडधडलं. आत बघितलं तर डोळा उघडा, पापणी खालून वर मिटत होती. ओरडलोच मी. आजोबा आले, हात आत घातला, एकदा पिळला, बस. मग म्हणाले, "हे मिळालं तरी. जे देवनळाच्या दाट गवतात पडतात त्यांचं बघ." त्या दिवशी ते अंधार पडेपर्यंत गुडघाभर चिखलात पडलेली बदकं शोधत होते. पुढचा बार टाकलाच नाही.

म्हणून दुनळी काकांना विचारायचंय. मिनिटाला सात पाडत असताना खाली पडलेलं कोण शोधतं?

दुनळी

हाकेवाले शोधत. चांगली व्यवस्था असायची. बाकी तुमचे आजोबा खरे शिकारी होते, मी त्यांच्याच बाजूने बोलतोय. त्यांच्याकडे नोंदवही होती का? जुने लोक ठेवत.

बंड्या_२

विषय पुन्हा चिकनवर न्यावा का?

शेवटचा_बाक

नको.

नातू

काल रात्री माळा उपसला, वही मिळाली. बायको वैतागली. पाठ्यपुस्तकाच्या आकाराची आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात. तारीख, तळं, काडतुसं किती, मिळाले किती, आणि शेवटी एक रकाना, 'हरवले'. त्यात छर्रा लागून पडलेले पण सापडले नाहीत ते. एका दिवसाची ओळ जशीच्या तशी देतो: "काडतुसे २२. तलवार ६, थापट्या ३. हरवले ४." पुढच्या पानावर एका दिवशी 'हरवले ७' आणि त्यापुढे महिनाभर काहीच नाही. का ते लिहिलेलं नाही.

आकडेमोड

त्या दिवसाचं प्रमाण धरलं तर ४,२७३ वर साधारण एकोणीसशे. एका वहीवरून गणित करू नये, माहितीये. तरी केलं.

दुनळी

एका वहीवरून गणित करू नका म्हणता आणि करताच. असो. दगडावर हरवलेल्यांचा रकाना नाही, हे मान्य. बाकी एकही मुद्दा मान्य नाही. आणि नातू, ती वही प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, वाळवी परत येते.