'सिस्टर' नको, 'परिचारिका' म्हणा? आधी एक रात्रपाळी करून बघा

रात्रपाळी: काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, की 'सिस्टर' हा इंग्रजांचा उष्टा शब्द, मराठी माणसाने 'परिचारिका'च म्हणावं आणि डॉक्टरला 'वैद्य'. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

सरकारी नोकरीत २१ वर्षं झाली मला. कागदावर मी 'अधिपरिचारिका'. माझ्यावर 'परिसेविका', तिच्यावर 'अधिसेविका'. आता 'अधि' मोठी की 'परि' मोठी, हे तुम्हीच ठरवा. वॉर्डात आम्ही स्टाफ, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन. पहाटे ३ वाजता सलाइन संपलं की नातेवाईक "ओ सिस्टर!" करत धावत येतो. "अहो अधिपरिचारिका" म्हणेपर्यंत नळीत रक्त चढायचं. मला राग येतो तो "ए बाई"चा. त्यावर लिहा की कधीतरी.

शब्दवेडा: तो गृहस्थ मीच. तुमच्या कामाबद्दल आदर आहेच, पण सवयीचं काय सांगता? मेयरसाठी सावरकरांनी घडवलेला 'महापौर' आज कुणाला खटकतो? 'जिल्हा शल्यचिकित्सक' पाटीवर वाचताच ना?

ओपीडी नं. ७: वाचतो पाटीवर. तोंडात मात्र 'सिव्हिल सर्जन'. लोक तर अख्ख्या दवाखान्यालाच 'सिव्हिल' म्हणतात. आणि मला 'वैद्य' म्हणू नका, तो शब्द आयुर्वेदवाल्यांचा आहे, त्यांच्याकडेच राहू द्या.

ब्रदर: आम्हा पुरुषांचं काय? केंद्राच्या रुग्णालयांत स्टाफ नर्सचं 'नर्सिंग ऑफिसर' झालं. इथे मी पेशंटसाठी सकाळी डॉक्टर, दुपारी वॉर्डबॉय, संध्याकाळी ब्रदर. एक आजी तर डिस्चार्ज होईपर्यंत 'सिस्टरदादा' म्हणत होत्या. खरं सांगू? आवडायला लागलं होतं.

ओपीडी नं. ७: खरा घोळ 'डॉक्टर' या शब्दाचा आहे. आमच्या गल्लीत ६ पाट्या, सगळ्यांवर 'डॉ.' त्यातले दोघे फिजिओ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट.

खुबा-गुडघा: आलंच! सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून पत्र निघालं, फिजिओंनी 'डॉ.' लावू नये म्हणून. दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावं लागलं, हेही सांगा की. माझ्या सासूबाई खुबा मोडून ३ महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. चालवलं कुणी? मी.

ओपीडी नं. ७: आणि खुबा बसवला कुणी?

खुबा-गुडघा: बसवला, आणि नंतर ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या साडेचार वर्षांच्या शिक्षणाला मालिश समजणारे तुम्हीच ना?

मास्तर: भांडू नका, दोघेही उपरे आहात. 'डॉक्टर' हा शब्द लॅटिनमधल्या 'शिकवणे'वरून आला. आधी तो आमचा, विद्यापीठातल्यांचा. मी ७ वर्षं पीएचडी केली. रेल्वेत नावापुढे 'डॉ.' पाहून शेजारच्याने जीभ काढून दाखवली! आणि ब्रिटनमध्ये सर्जन रॉयल कॉलेजची परीक्षा पास झाले की 'डॉ.' टाकून अभिमानाने 'मिस्टर' लावतात. न्हाव्यांच्या परंपरेतून आलेत ना.

ओपीडी नं. ७: मास्तर, गाडीत कुणाला झटका आला तर पुढे व्हाल का? मग झालं.

गावाकडचा: झटक्याचं बोलताय? माझ्या वडिलांना रात्री २ वाजता आला. एमबीबीएस ४० किलोमीटरवर. धावून आले ते होमिओपॅथीवाले. ॲलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून ते सीसीएमपी कोर्स करतात, त्याच्या नोंदणीविरुद्ध १८ सप्टेंबर २०२५ ला संप केलात तुम्ही ॲलोपॅथीवाल्यांनी. आमच्या गावात तो दिवस नेहमीसारखाच गेला. डॉक्टर आदल्या दिवशीही नव्हता.

ओपीडी नं. ७: वडील वाचले, आनंद आहे. पण एका रात्रीवरून धोरण ठरत नसतं. तुमच्या गावात डॉक्टर नाही हे मात्र खरं. इथे गप्प बसतो.

शब्दवेडा: माझा 'परिचारिका' कुठे हरवला?

रात्रपाळी: डॉक्टर लोक आले की तो हरवतोच, आम्हाला सवय आहे. आणि बेडपॅन देणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ओढणारे मामा? कागदावर 'कक्षसेवक'. त्यांच्यासाठी कुणी ओळही लिहिली नाही. मीसुद्धा नाही. निघते, ८ ची पाळी आहे.

शब्दवेडा: बरं, बोलताना 'सिस्टर' चालेल एकवेळ. पण 'पेशंट' नको, 'रुग्ण' म्हणा!

ब्रदर: झालं, नवा धागा काढा.

खुबा-गुडघा: माझ्या पाटीवरचा 'डॉ.' राहणार.

ओपीडी नं. ७: राहू दे. फक्त नावामागचं फिजिओथेरपिस्टचं 'पीटी'ही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.