हाय-वॉटेज एसएमपीएसच्या फॅनचा आवाज: १२०० वॉटचा घेतला तर थांबेल का?

रेंडरवाला (प्रश्न)

मशीन असं आहे: रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम, दोन एनव्हीएमई डिस्क आणि ८५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). एसएमपीएस फुल मॉड्युलर आहे (सगळ्या केबल काढता-लावता येतात), कॅबिनेटच्या तळाशी बसवलाय, फॅनचं तोंड खाली. मागे 'हायब्रिड' लिहिलेलं बटण आहे, ते चालू आहे. गाव नागपूर. खोलीत कूलर आहे, एसी नाही. मे महिन्यात दुपारी खोलीत ३८-३९ अंश असतात.

त्रास असा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सचं (त्याच्या रेंडर इंजिनचं) रेंडर लावलं की १५-२० मिनिटांनी मागच्या बाजूने मोठा घोंघाट सुरू होतो आणि रेंडर संपेपर्यंत थांबत नाही. नुसतं ब्राउझर आणि ईमेल चालू असताना दर दोन-चार मिनिटांनी 'घर्र' करून काहीतरी फिरतं आणि पुन्हा गप्प. शिवाय व्ह्यूपोर्टमध्ये (मॉडेल दिसतं त्या खिडकीत) मॉडेल फिरवताना बारीक 'चिं' असा आवाज येतो.

दुकानदार म्हणतो, ८५० कमी पडतोय, १२०० किंवा सरळ १६०० टाका, आवाज बंद होईल. तेवढे पैसे घालावेत का?

ओहम_शांती

थांबा, लगेच पैसे काढू नका. तुम्ही तीन आवाज सांगितलेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत. नवा एसएमपीएस त्यातला फार तर दीड आवाज घालवेल.

'चिं' हा फॅनचा आवाजच नव्हे. ती कॉइल व्हाइन. वीज बदलणाऱ्या कॉइलमधून झटकन वर-खाली होणारा करंट गेला की तिची तार आणि गाभा थरथरतात. ४०९०सारख्या कार्डात हा आवाज बहुतेक वेळा कार्डाच्याच कॉइलमधून येतो, एसएमपीएसमधून क्वचित. तपासायला सोपं आहे: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ६० वर बांधा. 'चिं'चा सूर बदलला किंवा तो गेला, तर कॉइल. मग तो एसएमपीएस बदलून जाईलच असं नाही. फ्रेम रेट बांधलेला ठेवणं हाच त्यावरचा फुकटचा इलाज.

घोंघाट नक्की कुणाचा, हे आधी पक्कं करा. फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात कॅबिनेटचे, सीपीयू कूलरचे आणि कार्डाचे सगळे फॅन ६० टक्क्यांवर कायम करा आणि रेंडर लावा. तापमानावर मात्र डोळा ठेवा. एसएमपीएसचा फॅन तेवढा सॉफ्टवेअरच्या हातात नसतो (कॉर्सेअरच्या एचएक्सआय, एएक्सआयसारख्या मोजक्या मालिका सोडल्या तर). बाकी सगळे बांधलेले असताना जो आवाज चढत जाईल तो त्याचाच. शंका राहिली तर जुन्या कॅलेंडरचं पान गुंडाळून सुरळी करा, एक टोक कानाला, दुसरं कॅबिनेटच्या मागे जाळीजवळ. कुठला फॅन ते लगेच कळतं. बोट किंवा पेन्सिल घालून फॅन अडवून बघायच्या भानगडीत पडू नका.

आणि प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, तो आणा. रेंडर चालू असताना भिंतीतून किती वॉट ओढले जातात तो आकडा इथे टाका. तो असल्याशिवाय ८५० कमी की जास्त हे बोलणं हवेत.

रेंडरवाला

सगळं करून बघितलं. घोंघाट एसएमपीएसचाच आहे. फ्रेम रेट ६० केल्यावर 'चिं' जवळजवळ गेला. मीटरवर रेंडरच्या वेळी ६७० ते ६८० वॉट. सायकल्सच्या सेटिंगमध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायचा पर्याय) याखाली ४०९० आणि सीपीयू दोन्हींवर टिक आहे.

फेराइट

घ्या, सापडलं. त्या सीपीयूवरचा टिक काढा.

ब्लेंडरच्या स्वतःच्या बेंचमार्कमध्ये ७९५०एक्सचा स्कोअर ४०९०च्या साधारण विसाव्या हिश्शाइतका येतो. म्हणजे सीपीयू जोडून तुम्हाला जेमतेम ५ टक्के वेग मिळतोय, आणि त्यासाठी तो २०० वॉटच्या आसपास खातोय (या प्रोसेसरची सॉकेट पॉवरची मर्यादाच २३० वॉट आहे). एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टिम इथे जाऊन सीपीयूचा टिक काढा आणि मीटर पुन्हा बघा. ५००च्या आसपास यायला हवा.

याचा फॅनशी संबंध असा. मीटरवर ६७० म्हणजे एसएमपीएस बाहेर सुमारे ६०० देतोय, आणि उरलेले ६५-७० वॉट त्याच्या स्वतःच्या डब्यात उष्णता होऊन राहतात. फॅनला फिरवते ती ही उष्णता. भिंतीवर ५०० झालं की डब्यातली उष्णता ४५ वॉटवर येते. एक तृतीयांश कमी! फॅनच्या आरपीएममध्ये (मिनिटाला किती फेरे) हा फरक कानाला लगेच कळतो. १४० मिमीचा फॅन ८००-९०० आरपीएमपर्यंत बंद कॅबिनेटमध्ये फारसा ऐकू येत नाही, १५००च्या पुढे गेला की शेजारच्या खोलीत कळतो.

अजून कमी हवं असेल तर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्के करा, म्हणजे ४५० ऐवजी ३१५ वॉट. रेंडरचा वेळ थोडासाच वाढतो. सीपीयू लागणारंच काम असेल (सिम्युलेशन वगैरे), तर बायोसमध्ये १०५ वॉटचा इको मोड (प्रोसेसरची वीज कमी करणारी सेटिंग) लावा. मर्यादा २३० वरून १४२ वॉटवर येते.

बारा_व्होल्ट

फेराइटचं गणित बरोबर आहे, पण नागपूरची खोली ३९ अंशांवर आहे हे विसरू नका. एसएमपीएसचा फॅन लोड आणि आतलं तापमान दोन्ही बघून फिरतो. तोच एसएमपीएस, तोच लोड, पण आत येणारी हवा २५ ऐवजी ४० अंशांची असेल तर फॅनला जास्त फिरावंच लागतं. काही एसएमपीएसचं पूर्ण वॉटेज ५० अंशांपर्यंत दिलेलं असतं, काहींचं फक्त ४० पर्यंत. खोक्यावर किंवा डेटाशीटवर तो आकडा असतो आणि आपल्याकडे कुणी तो वाचत नाही.

मग आत येणारी हवा तरी नीट येतेय का ते बघा. कॅबिनेट उलटं करा. तळाला एसएमपीएसखाली एक सरकणारी जाळी असते. कूलरची खोली म्हणजे हवेत ओल, आणि ओल्या हवेतली धूळ कोरड्या धुळीसारखी झटकून जात नाही; ती जाळीवर नमद्यासारखा करडा थर करून चिकटते आणि नखाने उचलली तर अख्खा पापुद्रा निघतो. ब्रशने घासू नका, नळाखाली धुवा, पूर्ण वाळवून लावा. उन्हाळ्यात दर महिन्याला. कूलरचा झोतही थेट कॅबिनेटवर ठेवू नका.

दुसरं, पायांची उंची. खालून हवा ओढणाऱ्या एसएमपीएसला जमिनीपासून निदान २ ते ३ सेंटीमीटर मोकळी जागा लागते. बऱ्याच कॅबिनेटचे पाय त्याहून बुटके असतात, आणि सतरंजीवर ठेवलं की तेही बुडतात. खाली फरशीचे तुकडे द्या. टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबलेलं असेल तर बाहेर काढा, नाहीतर मागून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा खालून आत जाते. फॅनचं तोंड वर करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वर ४०९० बसलंय, त्याची सगळी गरम हवा एसएमपीएस गिळेल.

राहिला दर दोन-चार मिनिटांचा 'घर्र'. हायब्रिड बटणाचा हा प्रताप. कमी लोडवर फॅन पूर्ण बंद असतो, आतलं तापमान ठरावीक अंशावर गेलं की सुरू, थोडं उतरलं की बंद. गार खोलीत तो तासन्‌तास बंद राहील, पण ३८ अंशांत तापमान त्या रेषेच्या आसपासच घुटमळतं. थांबलेला फॅन हलवायला सुरुवातीला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, म्हणून दर वेळी 'घर्र' होतं. बटण बंद करा. फॅन सतत ५००-६०० आरपीएमवर फिरेल आणि तो तुम्हाला ऐकूही येणार नाही. एकसारख्या मंद आवाजाकडे कान दुर्लक्ष करतात, चालू-बंद होणाऱ्याकडे नाही. शिवाय आतले कपॅसिटर गार राहतात तो फायदा वेगळाच.

सोल्डरगडी

एवढं करून भागलं नाही तर फॅनच बदला ना. दोन वायरींचा तर असतो. नॉक्टुआ या शांत फॅनच्या कंपनीचा १४० मिमी टाकला की विषय संपला.

ओहम_शांती

नका हो असले सल्ले देऊ. एसएमपीएसच्या प्रायमरी (भिंतीतून वीज येते त्या) बाजूच्या मोठ्या कपॅसिटरवर चालू असताना ३८० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. चार्ज उतरवणारा रेझिस्टर आत असतो, पण तो उडालेला असेल तर बाहेरून कळत नाही. ज्याला मीटरने मोजून कपॅसिटर सुरक्षितपणे उतरवता येतो त्याला हा प्रश्न इथे विचारावा लागत नाही.

धोका बाजूला ठेवला तरी हिशोब जुळत नाही. मोठ्या एसएमपीएसमध्ये बऱ्याचदा १३५ मिमीचा फॅन असतो, त्याची भोकं १४०च्या फॅनला जुळत नाहीत. आतला फॅन दाट हीटसिंकमधून हवा रेटायला निवडलेला असतो. शांत फॅनचा दाब कमी पडला, किंवा आतल्या सर्किटच्या कमी व्होल्टेजवर तो सुरूच झाला नाही, तर आवाज छान कमी होतो आणि रेंडरच्या मध्यावर ओव्हर-टेम्परेचर प्रोटेक्शन मशीन बंद पाडतं. सील फोडलं की वॉरंटी गेली, आणि या वर्गातल्या एसएमपीएसवर ती ७ ते १० वर्षांची असते.

एका परिस्थितीत मात्र आवाजाचा अर्थ वेगळा: सगळं केल्यावरही कमी वेगात टकटक किंवा खरखर येत असेल तर बेअरिंग गेलंय. स्लीव्ह बेअरिंगचा फॅन असा आडवा बसवला की लवकर झिजतो. तेव्हाही उघडायचं नाही, वॉरंटीत द्यायचा.

फेराइट

आता मूळ प्रश्न. सगळं करूनही बदलायचाच झाला तर १२०० चालेल, १६००चा विचार सोडा. १६०० वॉटच्या एसएमपीएसला सहसा सी१९ (जास्त करंटचं, मोठं) टोक असलेली जाड केबल लागते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला १६ अँपिअरचा प्लग. तुमच्या टेबलाजवळच्या ६ अँपिअरच्या पॉइंटमध्ये तो शिरणारच नाही.

मोठा एसएमपीएस शांत असतो तो वॉटेजमुळे नाही. ६०० वॉटचा लोड १२००च्या बरोबर निम्म्यावर येतो, तिथे कार्यक्षमता सर्वांत चांगली असते, आणि फॅनची चढण अजून सुरू झालेली नसते. पण एखाद्या १२०० वॉटच्या एसएमपीएसची फॅन कर्व्हच (कुठल्या लोडला फॅन किती फिरणार हे ठरवणारी रेषा) आक्रमक असेल तर तो तुमच्या ८५०पेक्षा जास्त ओरडेल. ८० प्लसचा (गोल्ड वगैरे, कार्यक्षमतेचा) बिल्ला बघून हे कळत नाही. त्या चाचणीत आवाज मोजतच नाहीत आणि ती होते २३ अंशांच्या आसपास. एसएमपीएस तपासणाऱ्या सायबेनेटिक्सचं लॅम्ब्डा (आवाजाचं) रेटिंग बघा: ए++ म्हणजे सरासरी १५ डेसिबलच्या आत, ए+ म्हणजे १५ ते २०, ए म्हणजे २० ते २५. ए किंवा वरचं घ्या. तीही सरासरीच, म्हणून त्यांच्या रिपोर्टमध्ये लोड आणि आवाजाचा रंगीत आलेख असतो, त्यात तुमच्या ५००-६०० वॉटच्या पट्ट्यात काय रंग आहे ते बघा. फॅन १३५ किंवा १४० मिमी, बेअरिंग एफडीबी (फ्लुइड डायनॅमिक, तेलावर तरंगणारं), आणि ४०९०ला वीज देणारी १२व्ही-२x६ केबल थेट एसएमपीएसमधून येणारी.

बदललात तर जुन्या मॉड्युलर केबल नव्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना मॉडेलनुसार बदलते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळतात.

बारा_व्होल्ट

एक राहिलं. यूपीएस आहे का? दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो आणि बॅटरीवर त्याची वेव्ह पायऱ्यापायऱ्यांची असते. त्यावर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (भिंतीतून करंट एकसारखा ओढायचं सर्किट असलेला) एसएमपीएस गुरगुरतो, कधी बंदही पडतो. तो आवाज फॅनचा समजून लोक एसएमपीएस बदलतात. तुमच्या मशीनला प्युअर साइन वेव्हचा, निदान १ किलोवॉट देणारा हवा. आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत पडत असेल तर तेही मीटरवर बघून ठेवा. तेवढ्याच वॉटला करंट सव्वापट ओढला जातो, पीएफसीचा भाग जास्त तापतो, आणि दुपारी शांत असलेला फॅन संध्याकाळी बोंबलायला लागतो.