शब्द हवा आहे: 'ऑफिसर ऑफ द कोर्ट'

भाषांतरवाली:
कायदेविषयक मदत शिबिरांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाला 'ऑफिसर ऑफ द कोर्ट' म्हटलंय आणि पुस्तिकेचं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे: अशिलासाठी न घाबरता लढायचं, पण कोर्टाची दिशाभूल करायची नाही. मी सरळ 'न्यायालयाचा अधिकारी' लिहिलं. कच्चा मसुदा शिबिरातल्या बायकांना वाचून दाखवला, तर एकीने लगेच विचारलं, "म्हंजे वकिलाला पगार सरकार देतं? मग आमच्याकडून कशापायी घेतो?" दुसरा शब्द सुचवा. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

पेठी_माणूस:
'न्यायालयाचा अधिकारी' म्हटलं की बेलीफ डोळ्यासमोर येतो. 'न्यायसेवक' करा. आणि तो 'अशील' आधी काढा. अ + शील, म्हणजे ज्याला शील नाही तो! पैसे मोजणाऱ्या माणसाला असं म्हणायचं? 'पक्षकार' काय वाईट आहे?

काळा_कोट:
हहपुवा. अहो, अशील अरबी आहे. 'असील', म्हणजे मूळचा, खरा. आपला 'अस्सल' त्याच घरातला, आणि झुंजीचा असील कोंबडाही त्यांचाच भाऊबंद. ज्याचं काम तो अशील, ज्याच्यावर सोपवलं तो वकील. हिंदीवाल्यांचा 'मुवक्किल' हे तर वकीलचंच भावंड. पक्षकार काय, समोरचाही पक्षकारच असतो. 'न्यायसेवक' छापलंत तर बाररूममध्ये लोकांना चहाचा ठसका लागेल.

गोदाकाठ:
'न्यायमित्र' चालेल?

काळा_कोट:
तो अमायकस क्युरीला, म्हणजे कोर्ट स्वतःच्या मदतीला बोलावतं त्या वकिलाला, देऊन झालाय.

दप्तरखाना:
मला वाटतं घोळ 'ऑफिसर'मध्ये नाही, 'वकील'मध्येच आहे. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात बसलेला आपला माणूस. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे. ज्या दरबारात बसायचं त्या दरबाराचं हे काही देणं लागत नव्हते, पत्रं पुण्याला जायची. पुढे इंग्रजी कोर्टं आली आणि तोच शब्द अशा माणसाला चिकटला, ज्याने समोरच्या दरबारालाही थोडं इमान द्यायचं असतं. शब्दाने ते कधी अंगाला लावून घेतलंच नाही. म्हणून तर आपण अजून "त्याचं वकीलपत्र तू घेऊ नकोस" म्हणतो. म्हणजे काय, तर खरंखोटं न बघता त्याची बाजू घेऊ नकोस.

पेठी_माणूस:
'इमान'ही अरबीच. अशाने मराठीत उरणार काय?

काळा_कोट:
वकील, अर्ज, दावा, फिर्याद, हुकूम, तारीख. हे सगळं काढा आणि उद्या कोर्टात उभं राहून दाखवा.

@दप्तरखाना, "थोडं इमान" वगैरे ठीक, पण लोकांना वाटतं समाजाचं हित बघायचं म्हणजे वाईट माणसाची केस घ्यायचीच नाही. उलट आहे. कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने केला होता, शेवटी कोर्टाला वकील नेमून द्यावा लागला. असले ठराव बेकायदा आहेत हे सुप्रीम कोर्टाने २०१० साली कोइमतूरच्या एका प्रकरणात स्वच्छ सांगितलं. आरोपीला वकील मिळणं हेच सार्वजनिक हित.

दप्तरखाना:
'सार्वजनिक'वरून आठवलं. ज्यांच्या नावालाच हा शब्द चिकटला ते सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, पेशाने वकील. १८७० साली सार्वजनिक सभा काढली आणि १८७९ साली पुण्यात वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेतलं. सभा सरकारदरबारी अर्जविनंत्या करणारी, आणि अशील त्याच सरकारविरुद्ध बंड केलेला. लोक काय म्हणाले असतील!

तळकोकण:
अवांतर आहे, पण लिहिते. माझे बाबा तालुक्याच्या कोर्टात वकील होते. एकदा एक अशील जमिनीचं साठेखत घेऊन आला, तारीख १९७९ची. बाबांनी चष्मा काढून कागद नाकाशी नेला. स्टॅम्पव्हेंडरच्या शिक्क्यात 'जि. सिंधुदुर्ग'! जिल्हा झाला १ मे १९८१ला, तोवर सगळी रत्नागिरीच. "हो कागद मी लावूचंय नाय" म्हणाले. तो म्हणाला, "तुमका पैशे दिलंय मां?" बाबांनी पैसे परत केले आणि पुढच्या तारखेला पुरसीस देऊन वकीलपत्र मागे घेतलं. कारण काही लिहिलं नाही. आई म्हणाली, जजसाहेबांना सांगून का नाही टाकलंत? तर म्हणे, कागद त्याने मला दाखवलाय, कोर्टाला नाही. तो दुसऱ्या वकिलाकडे गेला असणारच. आईला हे कधीच पटलं नाही.

गोदाकाठ:
मलाही पटत नाही. जमीन दुसऱ्या कुणाची तरी जात होती ना?

काळा_कोट:
सांगता आलं असतं. अशिलाचं बोलणं बाहेर काढू नये हे पुराव्याच्या कायद्यातलं जुनं कलम १२६, आता भारतीय साक्ष अधिनियमात १३२. पण बेकायदा कामासाठी केलेलं बोलणं त्यात झाकलं जात नाही.

तळकोकण:
सांगता येणं वेगळं आणि सांगायलाच हवं असणं वेगळं. बाबा असते तर तुमच्याशी रात्रभर भांडले असते.

पेठी_माणूस:
हे 'पुरसीस' काय आहे? 'पुरे'वरून आलं का? आता पुरे, माझं संपलं, अशा अर्थी?

दप्तरखाना:
नाही हो, फारसी 'पुर्सिश', म्हणजे विचारणा. आता मात्र कोर्टाला लेखी काहीही कळवलं की पुरसीस.

काळा_कोट:
आमचा कारकून 'पुरशीस' लिहितो. वीस वर्षं कुणी हरकत घेतलेली नाही.

भाषांतरवाली:
मंडळी, आज शुक्रवार. शब्द सोडून दिला, वाक्यच घातलं: 'वकील अशिलाचा, पण कोर्टालाही बांधील.' त्याच बाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग पगार दोघं देतात?"

पेठी_माणूस:
'बांधील' की 'बांधिल'?